कहानीच्या रकान्यातली खूण

त्या दिवशी माझ्या वर्गातली ती शेवटची मुलगी होती. तिसरीतली, आठ वर्षांची, हजेरीपटावर अगदी तळाशी. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि माझंही नाही.

ग्वाल्हेरात हजीऱ्याच्या पलीकडे एका सरकारी प्राथमिक शाळेत मी शिकवते. घर लष्कर नावाच्या भागात. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मधल्या रस्त्यावर दोन्हींची खिचडी. माझ्या मराठीत हिंदी कधी शिरते ते आता मलाच कळत नाही. पुण्याची नणंद फोनवर हसते, तेव्हा कळतं.

वर्षातून दोन-तीनदा आम्हाला प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून वाचायला लावावं लागतं. त्यासाठी एक छापील कागद येतो. वर सुटी अक्षरं, त्याखाली शब्द, मग चार ओळींचा उतारा आणि सगळ्यात शेवटी एक लहानशी गोष्ट. मूल जिथवर पोचेल तो रकाना शोधून खूण करायची: अक्षर, शब्द, अनुच्छेद, कहानी. कागदाचे दोन नमुने असतात आणि ते आलटून पालटून द्यायचे असतात, म्हणजे जवळ बसलेल्या मुलानं ऐकून पाठ करायला नको. मी त्या दिवशी सकाळपासून एकच नमुना देत होते. त्याला कारण काही नव्हतं. दुसरा फायलीखाली दबला होता आणि माझा हात तिकडे गेला नाही, एवढंच.

माझं टेबल व्हरांड्यात, वर्गाच्या दाराला लागून होतं. मुलं आत बसली होती आणि ही मुलगी दाराजवळ अंथरलेल्या टाटपट्टीवर. तिची पाळी येईपर्यंत दुपार झाली होती. तेवढ्यात जनशिक्षक आले. आमच्याकडे आजूबाजूच्या आठ-दहा शाळांवर नजर ठेवायला एक जनशिक्षक असतात. ते शेजारी खुर्ची ओढून बसले, पाण्याची बाटली ठेवायला त्यांनी माझी फाईल सरकवली, आणि खालचा दुसरा कागद वर आला. मी तोच तिच्या हातात दिला.

पहिल्या कागदावरची गोष्ट होती एका बकरीची, शेतकऱ्याची पगडी खाऊन टाकणाऱ्या. दुसऱ्यावर आटलेल्या तळ्याची आणि बेडकाची. मुलीनं कागद नीट धरला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत सुरुवात केली, "एक गाँव में एक बकरी थी."

तिचं बोट ‘तालाब’ या शब्दावरून सरकत होतं.

ती अडखळली नाही. पूर्णविरामाला थांबली, शेतकरी रागावतो तिथे आवाज चढवला. बोट ओळीच्या टोकाला गेलं की खालच्या ओळीवर यायचं, अगदी शिस्तीत. जनशिक्षक मोबाइलमध्ये काही भरता भरता ऐकत होते. गोष्ट संपल्यावर मान वर करून म्हणाले, "वाह! इतना साफ़! लिखिए मैडम, कहानी."

तेव्हा मुलीनं माझ्याकडे पाहिलं. शाबासकीची वाट बघणारं मूल असं पाहत नाही. मला कळलंय हे तिला कळलं होतं.

मी कहानीच्या रकान्यात खूण केली.

का केली, हे मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारलंय. मागच्या खेपेला माझ्या वर्गाचे आकडे वाईट आले होते आणि बडी मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. हे एक. जनशिक्षकांसमोर "नाही हो, ही वाचत नाहीये" म्हणायचं तर सकाळपासून एकच कागद वापरला हे उघडं पडलं असतं. हे दुसरं, आणि खरं पाहता हेच मोठं. त्यात भूक लागली होती. माणूस केवढ्याशा गोष्टीसाठी खोटं लिहितो!

त्या संध्याकाळी घरी माझं कशातच लक्ष लागेना. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विसरले आणि वरणाचा लगदा झाला. नवऱ्यानं विचारलं तेव्हा सांगून टाकलं.

तो म्हणाला, "अगं, एका खुणेचं काय घेऊन बसलीस? त्या पोरीचं काही नुकसान तर नाही ना झालं?"

"नाही," मी म्हटलं. मला तसं खरंच वाटत होतं.

नुकसान आठवड्याभरात दिसलं. परीक्षेच्या निकालावरून मुलांचे गट पाडायचे असतात. अक्षर आणि शब्दवाली मुलं सकाळचा पहिला तास माझ्यासमोर बसतात, बाराखडीपासून. कहानीवाल्यांना गोष्टींची पुस्तकं मिळतात आणि ती व्हरांड्यात बसून आपली आपण वाचतात. म्हणजे जिला माझी सगळ्यात जास्त गरज होती, तिला मीच बाहेर बसवलं होतं.

मी फळ्यावर मात्रा काढायचे आणि माझी नजर खिडकीतून बाहेर जायची. ती पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली असे. शेजारच्या मुलीनं पान उलटलं की हीही उलटायची. शेजारची हसली की हसायची. एकदा मी पाठीमागून जाऊन उभी राहिले, तर तिनं पटकन पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हो गई, मैडम." नवं पुस्तक आणायला पळाली. महिनाभर असं चाललं. मी रोज ठरवायचे, आज बोलू. रोज काहीतरी निघायचं: कुठली माहिती पाठवायची, कोणाचं आधार जोडायचं. घरी येताना पडावाच्या पुलावर टेंपो अडकून पडला की वाटायचं उतरावं आणि परत जावं. पण परत जाऊन करणार काय होते? शाळा सुटलेली असायची. एकदा तर फूलबागेजवळ खरंच उतरले आणि घरापर्यंत चालत आले. पाय चालत होते तोवर बरं वाटलं.

मग मी घरातल्या माणसांना तपासायला लागले. माझी मुलगी नववीत आहे. एका रविवारी मी तिच्यासमोर मराठी मासिक ठेवलं आणि म्हटलं, "हे पान वाच बरं." तिनं सरळ वाचून दाखवलं, ‘ळ’ जागोजागी ‘ल’ झाला तेवढं सोडलं तर न अडता.

"काय लिहिलंय त्यात?"

"पता नहीं, आई. तू फक्त वाच म्हणालीस ना!"

"अर्थ नाही लागला?"

"थोडा थोडा. आई, तू अशी का बघतेस? मैंने क्या किया?"

तिनं काहीच केलं नव्हतं. ती मासिक टाकून निघून गेली आणि मी ते पान हातात धरून बसले. पंधरा वर्षांत मी तिला मराठीतून एक ओळसुद्धा विचारली नव्हती. घरात बोलतो ना, मग येतच असेल, असं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी बडी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्या वाईट बाई नाहीत. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, गुडघे दुखतात, दोन शिक्षिकांच्या जागा रिकाम्या आहेत. त्यांनी चश्मा काढला.

"मैडम, एंट्री लॉक हो गई है. अब छेड़िए मत. अगली बार देख लेंगे."

"अगली बार म्हणजे मार्च."

"तो मार्च में देख लेंगे."

मी बाहेर आले आणि जे करायला नको होतं ते घाईघाईत केलं. व्हरांड्यात जाऊन सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "कल से तुम अंदर, मेरे पास बैठोगी."

ती उभी राहिली. "मैं तो कहानी वाली हूँ," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. शेजारच्या दोघी हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "इसको तो आता ही नहीं, ये तो ऐसे ही पन्ने पलटती है." म्हणजे मुलांना केव्हाचं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पत्ता विचारत तिच्या घरी गेले. बंद पडलेल्या मिलच्या मागच्या गल्ल्यांत एक खोली आणि वर गच्ची. थंडीचे दिवस होते. तिची आई हिवाळाभर गजक, म्हणजे तीळगुळाची मिठाई, बनवणाऱ्या एका कारखान्यात तीळ कुटायला जायची, नुकतीच परतली होती. तिच्या कपड्यांना, केसांना, सगळ्या खोलीलाच भाजलेल्या तिळांचा वास होता. तिनं मला खाटेवर बसवलं आणि वाटीत गजकचा चुरा ठेवला.

"बिटिया को बुखार है?" मी विचारलं.

"बुखार-वुखार कुछ नहीं. कहती है पेट दुखता है. ऊपर बैठी है छत पे." मग ती एकदम हसली आणि भिंतीवरच्या आरशाकडे हात केला. आरशाच्या मागे शाळेनं पालकांना दिलेलं प्रगतीचं कार्ड खोचलेलं होतं. "हमने तो पूरी गली में बता दिया, हमारी लड़की कहानी में आ गई. इसके पापा को भी फ़ोन पे बताया. मैं तो अंगूठा छाप हूँ मैडम, पर ये निकल गई."

गजक खाऊन, तब्येत विचारून निघून जाणं शक्य होतं. तिला काही कळलं नसतं. पण मग गच्चीवर बसलेल्या मुलीचं काय? ती ऐकत असणार हे मला ठाऊक होतं. ऐकणं तिला सगळ्यांपेक्षा चांगलं यायचं.

मी सांगितलं. कार्डावर लिहिलंय ते खरं नाही, तिला अजून वाचता येत नाही, ती पाठ म्हणत होती.

आईनं आधी मुलीला हाक मारण्यासाठी तोंड उघडलं. रागानं. मी घाईनं म्हटलं, "उसकी गलती नहीं है. लिखा मैंने."

"आपको पता नहीं चला?"

"चला था."

 ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आपको तो पढ़ना आता था ना," ती म्हणाली. "फिर?"

 मी "माफ़ कीजिए" म्हटलं, तर तिनं मान दुसरीकडे फिरवली आणि वाटी उचलून आत ठेवली. मग जिन्यावर पावलं वाजली. मुलगी अर्ध्या जिन्यात येऊन थांबली होती.

"सब वही वाला पढ़ रहे थे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "सुन-सुन के याद हो गया."

"पूरा?" मी विचारलं.

"पूरा."

तिसेक मुलांच्या अडखळत्या वाचनातून तिनं ती गोष्ट उचलली होती. एकानं सोडलेला शब्द दुसऱ्याकडून, दुसऱ्यानं चुकवलेला तिसऱ्याकडून. हे केवढं मोठं काम आहे ते मला त्या जिन्याखाली उभं राहून पहिल्यांदा कळलं. तिला सगळ्यांत बसून बाराखडी शिकायला लाज वाटत होती, म्हणून ठरलं की शाळेच्या अर्धा तास आधी तिनं यायचं आणि मीही. आईनं ‘हो’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी फाटकाशी उभी होती.

जानेवारीतलं ग्वाल्हेर सकाळी दिसतच नाही. धुक्यात टेंपो दिवे लावून रांगत यायचे, शाळेचं कुलूप बर्फासारखं गार. मधेच थंडीमुळे कलेक्टरांचा आदेश यायचा आणि तीन-चार दिवस शाळा बंद. मी घरात येरझाऱ्या घालायचे. नवरा म्हणायचा, "बस ना जरा!" बसवत नसे. जे चार शब्द बसले होते ते सुट्टीत पुसले जातील अशी धास्ती वाटायची, आणि खरंच थोडे पुसले जायचे.

तिला अक्षरं येत होती. कमल, नल, घर, असे बिनमात्रांचे शब्द ती लावायची. मात्रा आली की सगळं कोसळायचं. ‘की’ आणि ‘के’, ‘दिन’ आणि ‘दीन’ तिला सारखेच. पहिले आठ दिवस मी जे नेहमी करते तेच केलं, मात्रा घोटून घेतल्या, आणि ती जांभया देत राहिली. मग एके दिवशी वैतागून मी बकरीचाच कागद काढला. ती म्हणाली, "ये तो मुझे आता है." मी म्हटलं, "म्हण मग. पण हळू. एक शब्द म्हणायचा आणि त्याच शब्दावर बोट ठेवायचं. पुढे पळायचं नाही."

ती गडबडली. पाठ तर धडाधड येत होतं, पण बोट मागे राहायचं. ‘पगड़ी’ म्हणताना बोट ‘किसान’वर असायचं. मी विचारायचे, "पगड़ी कहाँ है?" ती शोधायची. ‘प’ सापडायचा, ‘ग’ सापडायचा, मग ‘ड़ी’वर नजर थांबायची. ‘ड़’ला दुसरी वेलांटी आहे हे ती आता स्वतः बघत होती, कारण शब्द आधीच तिचा होता. दहा-बारा दिवसांत तिला बकरीच्या गोष्टीतला कुठलाही शब्द दाखवता यायला लागला. मग मी त्या शब्दांची मोडतोड सुरू केली. ‘बकरी’वरून ‘लकड़ी’, ‘पगड़ी’वरून ‘पकड़’. काही लागायचे, बरेच नाही. कधी ती रडायची. एकदा मीच तिच्यावर ओरडले आणि दिवसभर स्वतःवर चिडून होते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मुलं मधल्या सुट्टीत जेवायला बसली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आठवड्याचा मेन्यू रंगवलेला आहे, तो मी इतकी वर्षं पाहत आले आणि कधी वाचला नाही. ही मुलगी ताट घेऊन तिथे उभी. बोट भिंतीवर. बराच वेळ. मग मोठ्यानं म्हणाली, "मं...गल...वार. खीर. पूड़ी." आणि ताटाकडे बघून, "मैडम, खीर कहाँ है? ये तो खिचड़ी है!"

सगळी मुलं भिंतीकडे बघायला लागली. दोन-चार जणांनी "खीर! खीर!" सुरू केलं. वाढणारी बाई बावरली. बडी मॅडम खोलीतून बाहेर आल्या, गुडघा धरत. "किसने शुरू किया ये?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "तिनं वाचलं, मॅडम." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. पुढच्या मंगळवारी पातळ का होईना, खीर होती.

मार्चमध्ये परत चाचणी झाली. या वेळी मी दोन्ही कागद समोर ठेवले होते, मुलं लांब पटांगणात बसवली होती. ती आली, बसली, नवा उतारा बोट ठेवून वाचला. सावकाश, दोनदा थांबत, पण वाचला. गोष्टीत तिसऱ्या ओळीला अडली ती अडलीच. मी अनुच्छेदच्या रकान्यात खूण केली आणि तिला दाखवली. ती म्हणाली, "ठीक है."

पण कागदोपत्री ती घसरली होती. कहानीवरून अनुच्छेदवर. माझ्या वर्गात अशी आणखी दोन मुलं निघाली. तीही पहिल्या वेळी ऐकूनच पार पडली होती, आणि मी या एकीच्या मागे धावताना त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. महिन्याभरात वरून पत्र आलं: तीन विद्यार्थ्यांचा स्तर कमी झाल्याबद्दल वर्गशिक्षिकेनं स्पष्टीकरण द्यावं.

बडी मॅडम म्हणाल्या, "लिख दीजिए, बच्चे बीमार रहे, उपस्थिति कम थी. ठंड की छुट्टियाँ भी थीं." सगळे असंच लिहितात. मी कागद घरी नेला, दोन दिवस पर्समध्ये फिरवला. शेवटी शाळेतच, मधल्या सुट्टीत, उभ्या उभ्या लिहिलं की नोव्हेंबरची नोंद चुकीची होती, सगळ्या मुलांना एकच नमुना दिला गेला, आणि निदान एका मुलीच्या बाबतीत हे मला तेव्हाच कळलं होतं. बडी मॅडमनी वाचून फक्त एवढंच म्हटलं, "आपकी मर्ज़ी." सही केली.

मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तिकेत लागली आहे. नवऱ्याला वाईट वाटलं, मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. ज्या गोष्टीनं झोप जाते ती वेगळीच आहे. मी चौदा वर्षं असे रकाने भरतेय. ती मुलगी शेवटची होती आणि फाईल सरकली म्हणून सापडली. आधीच्या वर्षांत कोण कोण दाराजवळ बसलं असेल आणि कोणाला मी बाहेर पुस्तकं देऊन बसवलं असेल, याचा हिशेब आता लागायचा नाही.

ती आता चौथीत आहे, दुसऱ्या शिक्षिकेकडे. माझ्याशी फारसं बोलत नाही, समोर आली तर नमस्ते करते. परवा हजीऱ्याच्या भाजीबाजारात तिची आई भेटली. मी थांबले. तिनं मला पाहिलं होतं, निघून जाऊ शकली असती, पण थांबली.

"अब सच-सच बताइए," ती म्हणाली. "कितना पढ़ लेती है?"

मी सांगितलं. उतारा वाचते. गोष्ट लांब असली तर थकते. जोडाक्षरं अजून कच्ची आहेत. समजतं मात्र सगळं.

ती ऐकत होती, मेथीची जुडी हातात धरून. "जोडाक्षरं" हा शब्द मी मराठीतच बोलले होते. तिनं विचारलं, "वो क्या होता है?" मी तिच्या तळहातावर बोटानं ‘क्या’ काढून दाखवलं, अर्धा ‘क’ आणि त्याला चिकटलेला ‘या’. तिनं हात मागे घेतला नाही. म्हणाली, "फिर से." मी परत काढला. मागून भाजीवाला ओरडत होता, "रास्ता छोड़ो बहनजी!" आम्ही बाजूला सरकलो आणि तिनं तिसऱ्यांदा तळहात पुढे केला.